गोचिडीचा दंश आणि निदानाची अडचण

बंगळूरच्या होसूर रस्त्यावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेचे विस्तीर्ण रुग्णालय आहे. 'निम्हान्स' या आद्याक्षरी नावानेच लोक तिला ओळखतात. मेंदूचे व मज्जातंतूंचे जे विकार अन्यत्र उलगडत नाहीत, त्यांपैकी पुष्कळसे अखेर या दाराशी येऊन ठेपतात. अशा या ठिकाणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास शिवमोगा जिल्ह्यातील एखादा शेतमजूर दाखल झाला आहे, अशी कल्पना करावी. त्याचे डोके असह्य दुखत आहे, मान ताठली आहे, हात कापतात आणि बोलण्याला धरबंध उरलेला नाही. बरोबर आलेला भाऊ सांगतो, "आठ-दहा दिवस ताप होता. तो उतरला, माणूस कामालाही लागला. आणि आता हे!"

हे 'आता हे' वैद्याला कोड्यात टाकणारे असते. मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे, एवढे तपासणीवरून कळते. परंतु ती कशाने आली, हे कळत नाही. आपल्या देशात अशा वेळी पहिला संशय क्षयाचा यावा, हे स्वाभाविकच होय. कोलार-मंड्याकडचा रुग्ण असेल तर डासांमार्फत पसरणारा जपानी मेंदूज्वर आठवतो. डेंग्यूही कधी कधी मेंदूपर्यंत जातो. पाठीच्या कण्यातील पाणी काढून पाहिले, तर त्यात पेशी वाढलेल्या दिसतात. पण यांपैकी अनेक रोगांत त्या वाढतातच. गोचिडीचे नाव या यादीत आले, तर बहुधा शेवटी येते. रुग्ण ते सांगत नाही, कारण आपल्याला गोचीड चावली होती हे त्यालाच ठाऊक नसते. गुरांच्या अंगावर टपोरी दिसते ती पूर्ण वाढलेली गोचीड. माणसाला चावते ते बहुधा तिचे लहानगे पिल्लू. ते तिळापेक्षाही बारीक असते आणि त्याच्या दंशाची वेदनाही फारशी जाणवत नाही.

या रोगाची ओळख पटली तीही अशीच चाचपडत. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडू लागली, आणि भोवतालच्या खेड्यांत तापाची साथ आली. माणसांचा ताप प्रथम विषमज्वरासारखा वाटला. माकडे मरतात म्हटल्यावर शास्त्रज्ञांच्या मनात मात्र निराळीच धास्ती उभी राहिली. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर भारतात शिरला की काय? पुण्याचे विषाणू संशोधन केंद्र त्या वेळी अवघे पाच वर्षांचे होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते १९५२ मध्ये स्थापले होते. केंद्राचे संचालक डॉ. टेलफर्ड वर्क व त्यांचे सहकारी रानात गेले. त्यांनी माकडांतून आणि रुग्णांतून विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. त्याचे जवळचे नाते निघाले ते थेट रशियातील गोचिडींमार्फत पसरणाऱ्या मेंदूज्वराशी! सैबेरियाच्या अरण्यातला भाऊबंद मलनाडच्या रानात कसा, या प्रश्नाने पक्ष्यांच्या स्थलांतराकडे लक्ष वेधले. डॉ. सालिम अली यांच्या पक्ष्यांना वाळे घालण्याच्या कामाला पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे साहाय्य लाभले, ते याच कुतूहलातून. पक्ष्यांवरचा तो संशय सिद्ध झाला नाही, परंतु पक्षिशास्त्राचा मात्र लाभ झाला.

क्यासनूर अरण्यज्वर असे या रोगाचे शास्त्रीय नाव. आपल्या कोकणात त्याला माकडताप म्हणतात. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांनी एकाएकी थंडी भरून ताप चढतो. कपाळ ठणकते, अंग मोडून येते. काहींना रक्तस्राव होतो. शेकडा तीन ते पाच रुग्ण दगावतात. बहुतेकांचा ताप आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो; पण शेकडा दहा ते वीस जणांना तिसऱ्या आठवड्याच्या आरंभी रोग पुन्हा गाठतो, आणि या दुसऱ्या फेरीत त्याचा रोख मेंदूकडे असतो. निदानाची खरी मेख येथेच आहे.

विषाणू रक्तात प्रत्यक्ष सापडतो तो पहिल्या आठवड्यात. त्याचा जनुकीय अंश ओळखणारी अचूक चाचणी पुण्याच्या संस्थेने तयार केली आहे. परंतु त्या दिवसांत रुग्ण गावच्या दवाखान्यातून तापाच्या गोळ्या घेत घरी पडून असतो. मोठ्या रुग्णालयाची आठवण होते ती मेंदू बिघडल्यावर. तेव्हा रक्तातला विषाणू बहुधा नाहीसा झालेला असतो. रोगाचे घड्याळ आणि रुग्णालयाचे घड्याळ असे एकमेकांशी जुळत नाही. मग उरतात ती रक्तातील प्रतिद्रव्ये, म्हणजे शरीराने विषाणूशी झुंजताना निर्माण केलेले पदार्थ. यांची साक्षही संदिग्ध असते. माकडताप, डेंग्यू आणि जपानी मेंदूज्वर या तिघांचे विषाणू एकाच घराण्यातले. एकाच्या विरुद्ध उठलेली प्रतिद्रव्ये दुसऱ्याच्या चाचणीतही थोडीफार उमटतात. ज्याला पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे, त्याच्या रक्ताचा अर्थ लावताना तज्ज्ञालाही विचार करावा लागतो. शिवाय हा विषाणू इतका धोकादायक आहे की, त्याचे संवर्धन करणे हे साध्या प्रयोगशाळेचे काम नव्हे.

गोचिडींचा दुसराही एक ताप आहे, आणि तो रानात न जाणाऱ्यालाही होऊ शकतो. कुत्र्याच्या अंगावरील तपकिरी गोचीड रिकेट्सिया नावाचे अतिसूक्ष्म जंतू वाहून आणते. ताप, डोकेदुखी आणि तळहात-तळपायांपर्यंत पसरणारे पुरळ ही त्याची खूण. पण सावळ्या कातडीवर पुरळ चटकन नजरेस येत नाही, आणि तोवर मेंदूला सूज चढू शकते. १९१६ साली निघालेली वाईल-फेलिक्स चाचणी स्वस्त म्हणून आजही अनेक ठिकाणी वापरली जाते. ती पुष्कळ रुग्ण चुकवते आणि कधी नसलेला रोग दाखवते. अधिक विश्वासार्ह चाचणीत दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा रक्त घेऊन तुलना करावी लागते. म्हणजे निकाल येतो तो रुग्ण बरा झाल्यावर, नाहीतर गेल्यावर. गंमत अशी की, या रोगावर डॉक्सिसायक्लीन हे साधे, स्वस्त औषध उत्तम चालते. म्हणून जाणता वैद्य निकालाची वाट पाहत बसत नाही. संशय आला की औषध सुरू करतो. प्रयोगशाळेच्या कागदावाचून उपचार करणे काहींना अशास्त्रीय वाटेल. येथे मात्र थांबणे हेच अशास्त्रीय ठरेल.

माकडतापावर असे रामबाण औषध नाही. तर मग त्याचे नाव शोधून काढण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्या एका रुग्णाच्या दृष्टीने, क्षयाची दीर्घ औषधे विनाकारण माथी पडत नाहीत, हा लाभ आहेच. मोठा लाभ होतो तो त्याच्या गावाचा. बंगळूरला एका खाटेवर निदान झाले की, चारशे किलोमीटरच्या आतबाहेर कुठल्या रानात गोचीड विषारी झाली आहे, हे कळते. तेथे जाणाऱ्यांना अंगाला लावायची औषधे देता येतात, मेलेल्या माकडाच्या भोवतालची जमीन औषध टाकून शुद्ध करता येते. बंगळूरच्या हेब्बाळ येथील संस्थेत या रोगाची लस तयार होत असे. तिचा प्रभाव अपुरा ठरल्याने २०२२ पासून तिचा वापर थांबला. तेव्हा आता वेळेवर मिळालेल्या वार्तेवरच बरेचसे अवलंबून आहे.

ही वार्ता आता कर्नाटकापुरती राहिलेली नाही. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गकडे माकडतापाचे रुग्ण आढळले. काजूच्या बागांत, पालापाचोळ्यात वावरणारी ही माणसे. हंगाम तोच, डिसेंबर ते मे. आजवर ज्याने शिमोगा हे नाव केवळ भूगोलात वाचले होते, अशा कोकणातल्या वैद्यालाही आता तापकऱ्याला दोन प्रश्न अधिक विचारावे लागतात: गेल्या महिन्यात रानात किंवा काजूत गेला होतात का, आणि आसपास कुठे माकड मेलेले पाहिलेत का?