करवसुलीतील न्याय आणि विद्यार्थी अनुदान : आयर्लंडचा अनुभव
(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



सार्वजनिक वित्ताच्या अभ्यासात ‘समता’ हा शब्द वारंवार येतो. ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये कराची जी चार तत्त्वे सांगितली, त्यांत समतेचे तत्त्व पहिले आहे. निश्चितता, सोय आणि काटकसर ही तत्त्वे त्यानंतर येतात. प्रत्यक्ष कारभारात मात्र समतेचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे ठाकतात. आयर्लंडमध्ये २०१२ साली गृहशुल्क आणि विद्यार्थी अनुदान यांवरून जो वाद झाला, तो या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे.

पार्श्वभूमी

आयर्लंडमध्ये राहत्या घरांवरील स्थानिक कर १९७८ मध्ये रद्द करण्यात आला. त्यानंतर स्थानिक संस्था मोठ्या प्रमाणावर केंद्रीय निधीवर अवलंबून राहिल्या. २००८ नंतर बँका व बांधकाम क्षेत्र कोसळल्याने सरकारी तिजोरीवर असह्य ताण आला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या साहाय्याने ८५ अब्ज युरोंचा कार्यक्रम स्वीकारावा लागला. त्यांपैकी १७.५ अब्ज युरो आयर्लंडने स्वतःच्या साधनांतून उभारावयाचे होते. मालमत्ता कर लागू करणे हा या कार्यक्रमाचाच एक भाग होता.

घरांचे मूल्यमापन करण्यास वेळ लागणार असल्याने तात्पुरता उपाय म्हणून १ जानेवारी २०१२ पासून प्रत्येक घरामागे वार्षिक १०० युरो असे सरसकट गृहशुल्क आकारण्यात आले. सुमारे १६ लाख घरांकडून १६ कोटी युरो जमा होणे अपेक्षित होते. शुल्क मालकाने भरावयाचे होते, भाडेकरूने नव्हे. देशभर विरोध झाला आणि ३१ मार्च ही मुदत संपली तेव्हा सुमारे निम्म्याच घरांचे शुल्क जमा झाले होते.

मंत्र्यांची भूमिका

सप्टेंबर २०१२ मध्ये क्लेअर काउंटीच्या परिषदेने उच्च शिक्षणाच्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांकडे घरचे गृहशुल्क भरल्याचा पुरावा मागितला. विद्यार्थी संघटनांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला. पर्यावरण व स्थानिक शासन खात्याचे तत्कालीन मंत्री फिल होगन यांनी परिषदेची बाजू घेतली. शासनाकडून साहाय्य मागणाऱ्याने शासनाची देणी चुकती केलेली असावीत आणि ज्यांनी प्रामाणिकपणे शुल्क भरले त्यांच्याशी न्यायाने वागले पाहिजे, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता.

या युक्तिवादात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. रस्त्यावरील दिवे, अग्निशमन, वाचनालये, उद्याने या सेवांचा लाभ शुल्क भरणाऱ्याला आणि न भरणाऱ्याला सारखाच मिळतो. भरणारा मूर्ख ठरतो आहे असे वाटू लागले की पुढील वर्षी तोही भरत नाही. अर्थशास्त्रात यालाच ‘फुकट्या लाभार्थ्याची समस्या’ म्हणतात. समान स्थितीतील व्यक्तींना समान वागणूक, म्हणजेच क्षैतिज समता, हा मंत्र्यांच्या भूमिकेचा आधार होता.

युक्तिवादातील त्रुटी

तथापि या भूमिकेत तीन गंभीर उणिवा होत्या.

पहिली उणीव शुल्काच्या रचनेतच होती. वार्षिक २० हजार युरो उत्पन्न असणाऱ्या कुटुंबासाठी १०० युरो म्हणजे उत्पन्नाचा ०.५ टक्का, तर २ लाख युरो उत्पन्न असणाऱ्यासाठी अवघा ०.०५ टक्का होतो. प्रासाद आणि दोन खोल्यांचे घर यांना एकच दर लावणारे शुल्क प्रतिगामी ठरते. काही घरमालकांना सूट होती, हप्त्यांची सोयही होती. पण करदान क्षमतेनुसार भार, म्हणजेच ऊर्ध्व समता, तिने साधत नव्हती.

दुसरी उणीव अशी की, देणे एकाचे आणि दंड दुसऱ्याला. घराचे मालक आईवडील. अनुदान मात्र मुलाचे. शिवाय हे अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या कुटुंबांनाच मिळते. शुल्क न भरणाऱ्या सधन कुटुंबावर या अटीचा काहीच परिणाम होत नव्हता. तोच कसूर करणाऱ्या गरीब कुटुंबातील विद्यार्थ्याचे शिक्षण मात्र अडचणीत येत होते. २०१२-१३ मध्ये तेथील विद्यार्थ्यांना भरावे लागणारे वार्षिक अंशदान २,२५० युरो होते आणि अनुदानपात्र विद्यार्थ्यांच्या वतीने ते शासन भरीत असे, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. १०० युरोंच्या थकबाकीसाठी किती मोठा लाभ पणाला लागत होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

तिसरी उणीव प्रशासकीय होती. त्याच वर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या अर्जांसाठी केंद्रीय यंत्रणा सुरू झाली. जुन्या विद्यार्थ्यांचे अर्ज स्थानिक संस्थांकडेच राहिले. परिणामी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जी अट नव्हती, ती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लागू झाली. ज्या क्षैतिज समतेच्या नावाने अट घातली, तिचाच भंग झाला. अनुदानाचा पैसा शिक्षण खात्याचा आणि गृहशुल्काचा पैसा स्थानिक सेवांसाठी. त्यामुळे लाभ तत्त्वाचा आधारही घेता येत नव्हता.

उत्तर कशातून मिळाले?

थकबाकीचा प्रश्न सुटला तो कराची रचना बदलल्याने. २०१३ पासून गृहशुल्क रद्द झाले आणि १ जुलै २०१३ पासून मूल्याधारित स्थानिक मालमत्ता कर लागू झाला. १० लाख युरोंपर्यंतच्या मूल्यावर ०.१८ टक्के आणि त्यावरील मूल्यावर ०.२५ टक्के असा दर होता. एक लाख युरोंपर्यंतच्या घराला वर्षाला ९० युरो, तर दीड ते दोन लाखांच्या गटातील घराला ३१५ युरो कर बसला. अल्प उत्पन्न असलेल्या, स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकांना व्याजासह कर लांबणीवर टाकण्याची मुभा मिळाली. वसुली राष्ट्रीय महसूल यंत्रणेकडे गेली आणि तिला वेतन वा निवृत्तिवेतनातून थेट कपात करण्याचा अधिकार मिळाला. न भरलेले १०० युरोंचे गृहशुल्क २०० युरो होऊन याच कराच्या देण्यात मिळविले गेले. पहिल्याच वर्षी ९० टक्क्यांहून अधिक घरांनी नियमाचे पालन केले. कर जड झाला, तरी भरणारे वाढले.

भारतासाठी बोध

७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नात मालमत्ता कराचे महत्त्व मोठे आहे. दिल्लीने २००४ मध्ये व बंगळूरुने २००८ मध्ये एकक क्षेत्र पद्धती स्वीकारली, तर मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्याधारित पद्धती लागू केली. भार मालमत्तेच्या स्वरूपाशी जोडण्याचाच हा प्रयत्न होय.

देण्याशी अट जोडणे सर्वस्वी त्याज्य आहे, असाही याचा अर्थ नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार, मागणीचे देयक मिळाल्यापासून तीन महिन्यांत पंचायतीचा कर न भरणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. येथे देणे ज्याचे, त्याचेच पद जाते. शिवाय कर आणि पद या दोहोंचा संबंध एकाच संस्थेशी आहे. शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या घरपट्टीची पावती मागणे या कसोटीवर टिकणार नाही.

म्हणून अशा प्रत्येक अटीबाबत विचारावे : थकबाकीदार आणि दंड सोसणारा एकच आहे काय? देणे आणि लाभ यांचा परस्परसंबंध आहे काय? सधन आणि निर्धन थकबाकीदारांवर तिचा सारखाच परिणाम होतो काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ती अट वसुलीला कदाचित हातभार लावील. परंतु तिला न्यायाचे नाव देता येणार नाही. प्रामाणिक करदात्याला न्याय द्यावयाचा तर तो थकबाकीदाराकडून वसुली करून द्यावा. त्याच्या मुलाच्या शिक्षणातून नव्हे.