उजनीचा काठ, पक्ष्यांच्या सवडीनं

पुण्याची मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते आणि भीमा पुढे उजनी धरणात साठते. तेव्हा आपल्या पेठेतल्या नाल्यात पडलेली पिशवी धरणाच्या भिगवणकडच्या काठाला लागली, तर नवल नाही. पुण्याची जी मुलं तिथला कचरा उचलायला जातात, ती घरचाच पसारा आवरतात. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. म्हणूनच आग्रहानं सांगतो, आत्ता, या वैशाखात, उघड्या पडलेल्या काठावर मोहीम काढू नका.

पाणी ओसरलं की उजनीत बेटं आणि खडकाळ पट्टे वर येतात. टिटवी, आर्ली आणि नदी सुरय यांची वीण याच दिवसांत, अशाच जागी होते. सुरय तर आंतरराष्ट्रीय लाल यादीनं धोक्यातल्या पक्ष्यांत धरलेला. घरटं म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा. अंडी मातकट, वर तपकिरी ठिपके. गोट्यांत पडलेली अंडी दोन हातांवरूनही ओळखू येत नाहीत. पन्नास जण रांगेनं चालत गेले तर पायाखाली काय गेलं, तेही कळायचं नाही. पाय पडला नाही तरी पक्षी उडतो, डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहतो आणि इकडे अंडी उन्हात भाजतात. टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. तिला आपण दुपारभर हुसकावलं, तर ते काम कोण करणार?

काठ साफ करावा तो पावसाळा सरल्यावर, हिवाळी पाहुणे दाटण्याआधी. पुरानं आणलेलं तेव्हा काठाशी लागलेलं असतं. उन्हाळ्यात सफाई करायचीच, तर गाड्या लागतात ती जागा आणि ढाब्यांची मागची बाजू घ्या.

डोळ्यांत भरतात त्या थर्माकोलच्या ताटल्या. जीव घेतं ते तंगूस. फाटक्या जाळ्याचा हा धागा कुजत नाही, पाण्यात दिसत नाही आणि पक्षी जितका झटके देतो तितका पायात रुततो. बाभळीत अडकलेला गुंता ओढू नका, कात्रीनं कापून पिशवीत भरा. अडकलेला पक्षी जिवंत असेल तर डोक्यावर हलकं फडकं टाका, अंधारात तो शांत होतो; मग वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. वाळकी फांदी, पाणगवत मात्र राहू द्या. बगळ्याला बसायला ते लागतं.

मासेमारांना दोष देणं मला पटत नाही. जाळं फाटलं की पहिलं नुकसान त्यांचंच. कोणत्या बेटावर सुरय बसलेत हे त्यांना ठाऊक असतं. मोहिमेची तारीख त्यांना विचारून ठरवा. फाटकी जाळी टाकायची जागा त्यांच्याच सोयीची हवी. पोती कोण नेणार, हेही ग्रामपंचायतीशी आधी बोलून घ्या. भरलेली पोती काठावरच राहिली, तर पाणी चढलं की ती पुन्हा धरणात जातात.