मिरचीचा हंगाम आणि नंदुरबारची हवा

दूषित हवेचा विषय निघाला की चेंबूरसारखी समुद्राजवळची कारखान्यांची वस्ती डोळ्यांपुढे येते. नंदुरबारला समुद्र नाही. पण येथील हवाही ऋतूगणिक पालटते. पावसाळ्यात सरी धूळ खाली बसवितात. उन्हाळ्यात ती उठते, तरी तापलेली हवा वर चढते व वारा धूळ पांगवितो. हिवाळ्याचे तसे नाही. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि सकाळी उशिरापर्यंत जागची हलत नाही. नेमक्या याच दिवसांत शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या पटांगणांवर, ओली लाल मिरची पसरलेली असते. वाळवणाला कोरडे दिवसच हवेत. खकाण्याने शिंका येतात, ठसका लागतो, डोळे चुरचुरतात. दमेकऱ्यास तर तो फारच जाचतो. वाटसरू नाकाला रुमाल लावून निघून जातो. देठ खुडणारी मजूर स्त्री मात्र दिवसभर तेथेच बसून असते.

२००९ च्या राष्ट्रीय वायुमानकांत बारा प्रदूषके आहेत. सूक्ष्म धूलिकण त्यांत येतात, मिरचीचा खकाणा वेगळा मोजला जात नाही. तेव्हा केवळ आकड्यांवर विसंबू नये. पथारीवरचा वारा शाळेकडे वाहतो काय, मजुरांना तोंडावर बांधण्यास स्वच्छ फडके व डोळे धुण्यास पाणी मिळते काय, त्यांची तान्ही मुले कोठे निजविली जातात, हे पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी हंगाम सुरू होताच प्रत्यक्ष जाऊन पाहावे.