गाणी पाहण्याची हौस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण कुणातरी विद्वान बाईंना बोलावतो. त्या आहार, आरोग्य, मुलांचे संगोपन अशा विषयांवर बोलतात आणि आपण ऐकता ऐकता मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करतो. यंदा कार्यकारिणीने ठरवले की बाहेरची पाहुणी बोलवायची नाही. आपल्यातल्याच एकीने, तिला ज्यातले कळते त्यावर बोलायचे. चिठ्ठ्या टाकल्या आणि नेमकी माझी निघाली. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मला कळते तरी कशातले, हा विचार मी दोन दिवस केला. स्वयंपाकावर बोलावे तर तो तुम्हा सर्वांनाच येतो. शेवटी धाकट्या मुलीने निकाल दिला, "आई, गाण्यांचे व्हिडिओ तू आमच्यापेक्षा जास्त पाहतेस. त्यावरच बोल."

तिचे म्हणणे खरे आहे. दुपारची भांडी झाली, ओटा पुसला, की तासभर मोबाइल माझा असतो. "गाणे ऐकायचे असते, पाहायचे कसले?" असे आमचे हे म्हणतात. शेजारच्या काकूंनी तर एकदा विचारले, "या वयात हे थिल्लर कशाला पाहतेस गं?" त्यांना तेव्हा मी हसून उत्तर टाळले होते. आज काकू पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा सविस्तर सांगते.

माझ्या लहानपणी गाणी पाहायची म्हणजे दूरदर्शनवर 'छायागीत' नाही तर 'चित्रहार'. दोन्हींत सिनेमाचीच गाणी. सिनेमाचे नसलेले आणि तरीही चित्रासकट मनात बसलेले पहिले गाणे म्हणजे 'मिले सुर मेरा तुम्हारा'. ते १५ ऑगस्ट १९८८ रोजी पहिल्यांदा दाखवले. मी तेव्हा आठ वर्षांची. मागे धबधबा, पुढे पंडित भीमसेन जोशी, आणि मग एकेक भाषा येत जाते, अशा १४ भाषा. शेवटाकडे लताबाई येतात. आमच्या चाळीत एकाच घरी टीव्ही होता आणि त्या दारात आम्ही दहाबारा पोरे उभी असायचो. मराठी आली की मोठ्याने ओरडायचो. एवढ्या मोठ्या देशात आपलेही कुणी दिसले, याचा तो आनंद होता.

तेव्हापासून माझी एक खोड पडली आहे. गाण्यात कोण दिसते आणि कसे दिसते, हे मी आधी बघते.

पुढे केबल आली. १९९५ साली अलिशा चिनॉयचे 'मेड इन इंडिया' आले. संगीत बिड्डू यांचे. तुमच्यापैकी पुष्कळजणींना मिलिंद सोमण लाकडी खोक्यातून बाहेर येतो तेवढेच आठवत असेल. (हसू नका, मलाही आधी तेच आठवते!) पण ते गाणे आता पुन्हा पाहा. त्यात ती बसली आहे आणि देशोदेशीचे नवरदेव तिच्यापुढे येत आहेत. ती एकेकाला नापसंत करते. पसंत करणारी ती आहे. त्या सुमारास आमच्या नात्यात मुली दाखवायचे कार्यक्रम चालले होते. पोह्यांच्या बशा घेऊन, मान खाली घालून जायचे, आणि आठ दिवसांनी निरोप यायचा. नाच, कपडे, झगमगाट हे सारे सोडून द्या. एका मुलीने समोरच्याला नको म्हटलेले मी पहिल्यांदा त्या गाण्यात पाहिले.

फाल्गुनी पाठकची गाणी तुम्हाला सांगायला नकोत. नवरात्रात आपण त्यांवरच फेर धरतो. १९९८ सालचे 'याद पिया की आने लगी' आणि त्यापुढच्या वर्षीचे 'मैंने पायल है छनकाई' ही जरूर पुन्हा पाहा. त्या व्हिडिओंत स्वतः फाल्गुनी शर्ट-पँट घालून बाजूला उभी राहून गाते आणि गोष्ट असते एखाद्या वयात आलेल्या मुलीची. मोठी बहीण शेजारी उभी राहून आपले गुपित सांभाळते आहे, असे वाटते.

आता जे सांगणार आहे ते गाणे तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. शुभा मुद्गल यांनी गायिलेले 'मन के मंजीरे'. साल २०००. शब्द प्रसून जोशी यांचे, संगीत शांतनू मोइत्रा यांचे. बायकांवर घरात होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध काम करणाऱ्या 'ब्रेकथ्रू' या संस्थेने ते काढले. मीता वशिष्ठ या नटीने त्यात काम केले आहे. मारझोडीचे घर सोडून निघालेली आणि पुढे ट्रक चालवू लागलेली बाई तिने केली आहे. तशी एक बाई खरोखरीच होती, तिच्यावरून हे सुचले. माझे लग्न नुकतेच झाले होते. दुपारी सासूबाई आणि मी शेंगा सोलत बसलो होतो आणि हे गाणे लागले. सासूबाई म्हणाल्या, "अगं बया, ही ट्रक हाकते!" मला वाटले, आता बंद कर म्हणतील. त्यांनी शेंगा खाली ठेवल्या आणि गाणे संपेपर्यंत बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "माझ्या थोरल्या बहिणीला असे कुठे जाता आले असते?" त्यांना थोरली बहीण होती हेच मला तोवर ठाऊक नव्हते. पुढे त्या बहिणीबद्दल मला जे कळले ते या गाण्यामुळे कळले. ते इथे सांगण्याजोगे नाही. पण काकू, थिल्लर म्हणालात म्हणून एवढे बोलले.

आता नव्याकडे वळते, नाहीतर तरुण सुना जांभया देतील.

फेब्रुवारी २०२४ मध्ये 'गुलाबी साडी' आले. गाणारा संजू राठोड, आपल्या जळगाव जिल्ह्यातला मुलगा. सोबत प्राजक्ता घाग. ते गाणे इतके वाजले की पुष्कळांचे कान किटले. आमच्या गल्लीतल्या एका मिरवणुकीत मी ते ओळीने नऊ वेळा मोजले. तरी मी ते आवडत्या गाण्यांत घालते, त्याला कारण आहे. त्यात नटलेली मुलगी आपल्या माणसाला छायाचित्र काढायला सांगते. मी चांगली दिसते आहे हे तिचे तिलाच ठाऊक आहे, ते त्याने सांगायची ती वाट पाहत नाही.

यात काय मोठेसे, असे तुम्ही म्हणाल. आपापल्या घरातले जुने फोटो काढून बघा. मी बघितले. मुलांच्या वाढदिवसाला मी केकच्या मागे, अर्धी. सहलीत मी नाहीच, कारण सामानाजवळ थांबले होते. बारशाला माझे नुसते हात आले आहेत, बाळाला धरलेले. लग्नानंतर माझा एकटीचा असा फोटो एकच, तो आधार कार्डावरचा. आणि तो कसा असतो हे सांगायला नको. परवाच्या साली आपल्या पलीकडच्या इमारतीतल्या आजी गेल्या. भिंतीवर लावायला घरच्यांना फोटो सापडेना. चाळीस वर्षे त्या बाईने त्या घरात रांधले, वाढले, चार बाळंतपणे काढली. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या पंगतीच्या फोटोतून त्यांचा चेहरा कापून मोठा केला. त्या वाढत होत्या, म्हणून मान वळलेली. तो फोटो आजही त्या घरात आहे. आजी कुणाला तरी आणखी एक पोळी घ्या म्हणत आहेत, असा.

म्हणून हळदीकुंकवाच्या वेळी सगळ्याजणी गुलाबी साड्या नेसून या गाण्यावर नाचल्या, तेव्हा मला फार बरे वाटले. टीका करणारे टीका करोत.

याच संजूचे २०२५ मधले 'शेकी' माझ्या मुलींना फार आवडते. ताल छान आहे. मला 'गुलाबी साडी'ची सर त्याला वाटत नाही.

दुसरे नवे गाणे 'तांबडी चामडी', तेही २०२४ चे. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे. संगीत धडाधडा वाजणारे, परदेशी नाचघरात वाजते तसले. आणि बोल मात्र मराठी! परदेशातही ते पुष्कळ वाजले. पहिल्यांदा मीही कानावर हात ठेवले. मग नाव नीट ऐकले. उन्हात चमकणाऱ्या आपल्या रापलेल्या कातडीचे ते कौतुक आहे. आजवर गाण्यांतली नायिका म्हणजे गोरीच; काळीसावळी असली तर ती नायिकेची मैत्रीण. स्थळाच्या चिठ्ठीत 'मुलगी गोरी हवी' हे अजूनही लिहून येते. गेल्या दिवाळीत माझ्या भाचीला एका घरून नकार आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. पत्रिका कुणी मागितलीच नव्हती. ती दोन दिवस दार लावून बसली. तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीतून हेच गाणे मोठ्याने वाजू लागले, आणि माझ्या बहिणीने आयुष्यात पहिल्यांदा आवाज कमी कर म्हटले नाही. गाण्याने नकार परत फिरत नाही, हे मलाही समजते. पण पोरगी जेवायला बाहेर आली.

सौम्य काही हवे असेल तर 'महाराष्ट्र शाहीर' या २०२३ सालच्या चित्रपटातले 'बहरला हा मधुमास' पाहा. संगीत अजय-अतुल यांचे, आवाज श्रेया घोषाल आणि अजय गोगावले यांचे. हल्ली हळदी त्याच्याशिवाय होत नाहीत. गुजरातीतले 'खलासी', आदित्य गढवीचे, तेही २०२३ चेच. भाषा पुरती कळत नसली तरी पाय थांबत नाहीत. मुलांसाठी 'आमच्या पप्पांनी गणपती आणला'. २०२३ मध्ये बीड जिल्ह्यातल्या एका चिमुकल्याने शाळेच्या गणवेशात त्यावर हातवारे केले आणि ते घरोघर पोहोचले. गोड आहे, शंकाच नाही. फक्त मला दरवेळी वाटते, पप्पांनी गणपती आणला हे ठीक. मखर कुणी पुसले, मोदक कुणी वळले? त्यावरही कुणीतरी गाणे करावे!

एक गाणे माझ्या मुलाने दाखवले, 'बिग डॉग्ज'. २०२४ चे, हनुमानकाइंड नावाच्या केरळच्या तरुणाचे. बोल इंग्रजी. मला ते कळत नाहीत, आणि जे कळतील ते घरात बोलण्याजोगे नाहीत, असे मुलगाच म्हणतो. म्हणून लहान मुलांपुढे लावू नका. पण चित्र पाहाच. आपल्या जत्रेत 'मौत का कुआँ' असतो ना, लाकडी विहिरीत मोटारसायकली आणि मोटारी उभ्या भिंतीवर फिरतात, तिथेच ते सगळे घेतले आहे. खाली तळाशी हा गात फिरतो आणि डोक्यावर गाड्या गरगरतात. लहानपणी आम्ही तिकीट काढून ते बघायचो आणि त्या गाडीवाल्यांच्या हातात वरून नोटा द्यायचो. त्यांचे तोंड मात्र कधी नीट पाहिले नव्हते. या गाण्यात ते दिसतात.

आवडत नाहीत अशीही पुष्कळ गाणी आहेत. नावे घेत नाही. एक लांब मोटार, एक बाटली, आणि मोटारीला टेकून पाचसहा मुली, ज्यांना गाण्यात काही काम नाही. त्या तिथे का उभ्या आहेत, हे त्यांनाही ठाऊक नसावे. मुलगा असले काही पाहत बसला तर मी ओरडत नाही. शेजारी बसते आणि विचारते, "ही कोण रे? हिचे नाव काय? ही काय करते?" दोन मिनिटांत तो गाणे बदलतो.

पाहण्याबद्दल दोन गोष्टी. रीलमध्ये गाण्याचा अर्धा मिनिट येतो. त्यावरून गाणे बरे की वाईट ठरवू नका. भातातले एकच शीत दाबून पाहतात हे खरे, पण गाणे म्हणजे भात नव्हे. यूट्यूबवर गायकाचे किंवा गाणे काढणाऱ्या कंपनीचे स्वतःचे पान शोधा. एकाच गाण्याच्या पन्नास नकला असतात, आणि त्यांत मधेच भलत्या जाहिराती. लिहिता येत नसेल तर माइकच्या खुणेवर बोट ठेवून नाव बोला, मराठीतूनही कळते. आपल्या सत्तरीतल्या दोन सभासद हे माझ्याकडून शिकल्या, आता त्या मला नवी गाणी पाठवतात.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत ही गाणी आपण मोठ्या टीव्हीवर एकत्र पाहणार आहोत. मोबाइल टीव्हीला जोडून द्यायचे माझ्या मुलीने कबूल केले आहे. चटया कमी आहेत, तेव्हा प्रत्येकीने आपापली आणावी. चहा मंडळाचा, खाऊ वर्गणीतून. गाणी झाल्यावर खिडकीजवळच्या उजेडात मुलगी प्रत्येकीचा एकेक फोटो काढणार आहे. एकटीचा. समोर बघून. तेव्हा जिला जी आवडते ती साडी नेसून यावे. गुलाबीच पाहिजे असे नाही.