सिम्युलेटर नव्या कॉम्प्युटरवर नेताना आजीची वाडी मागे राहते तेव्हा

आजचा भाग फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांसाठी. अलिबागच्या खाऱ्या हवेत माझ्या जुन्या कॉम्प्युटरचे स्क्रूसुद्धा गंजलेत, ग्राफिक्स कार्ड तर मांडव्यावर पोचेपर्यंत मान टाकतं. शेवटी नवीन घेतला. आता त्यावर सिम्युलेटर आणि त्याची सगळी ॲड-ऑन न्यायची. कॉपी-पेस्ट करू की, त्यात काय, असं वाटत असेल तर जरा थांबा. मागच्या वेळी मीही तेच म्हटलं होतं.

झालं असं की २०२० मध्ये, ३ जूनला, निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. नागावची आजीची नारळी-सुपारीची वाडी आडवी झाली. त्याच वर्षी १८ ऑगस्टला मायक्रोसॉफ्टचा नवा फ्लाइट सिम्युलेटर आला. घरात अडकून पडलो होतो, म्हणून जुने फोटो समोर ठेवून मी वादळाआधीची वाडी त्यात उभी केली. एकेक माड, विहीर, कौलारू घर. आजी मोबाईलवर व्हिडिओ बघून म्हणाली, "अरे, तो वाकडा माड उजवीकडे होता." तो दुरुस्त करायचा राहिला. पुढे कॉम्प्युटर बदलला, तेव्हा फक्त कम्युनिटी फोल्डर उचलला. त्यात असते ती तयार झालेली सीनरी. ती बनवायची मूळ प्रोजेक्ट फाइल भलत्याच ड्राइव्हवर होती, आणि तो ड्राइव्ह मी आधीच फॉरमॅट करून बसलो होतो. वाडी अजून दिसते, पण माड काही हलवता येत नाही. तयार बीजीएल फाइल उघडून पुन्हा प्रोजेक्ट करणं म्हणजे भाकरीतून पीठ काढणं.

म्हणून या वेळी आधी वही घेतली आणि दोनच प्रश्न विचारले: हे पुन्हा डाउनलोड होईल का? आणि नाही झालं तर मला रडू येईल का?

सिम्युलेटर स्वतः पुन्हा मिळतो. स्टोअरमधून घेतलेली विमानं खात्याला जोडलेली असतात, तीही मिळतात. पण सगळं मिळून शंभर जीबीच्या वर जातं, आणि आमच्याकडे पावसात नेट कसं चालतं ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा पॅकेजेसचा अख्खा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. तो नक्की कुठे आहे हे 'यूजरसीएफजी डॉट ऑप्ट' या फाइलमध्ये 'इन्स्टॉल्ड पॅकेजेस पाथ' या ओळीत लिहिलेलं असतं. नव्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करताना जागा विचारली की त्याच फोल्डरकडे बोट दाखवा, म्हणजे बहुतेक भाग आहे तसा वापरला जातो आणि जे कमी असेल तेवढंच उतरतं. डिस्क फॅट-३२ असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जाणारच नाही, हे आधी बघा. एक्स-प्लेनवाल्यांचं बरं असतं, अख्खा फोल्डर उचलला की झालं. फक्त 'सीनरी पॅक्स डॉट आयएनआय' विसरू नका, सीनरीचा क्रम त्यात असतो.

खरा घोळ विकत घेतलेल्या ॲड-ऑनचा. काही विमानांचा परवाना एका मशीनला बांधलेला असतो, आणि किती वेळा चालू करता येईल यालाही मर्यादा असते. जुन्या मशीनवर तो डीॲक्टिव्हेट करा, मगच पुढे जा. माझं एक विमान असंच अडकलं. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना तीन ईमेल केल्या, उत्तर नाही. पैसे गेले. जॉयस्टिकच्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कुठलं बटण कशाला लावलं होतं ते आठवत नाही.

आणि सगळंच न्यायचं नसतं हं. आपल्या रायगडातला नवा विमानतळ, उलव्याचा, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालेला. त्यासाठी टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. जुन्या उंचीच्या आकड्यांवर बनलेल्या सीनरीत ती टेकडी अजून उभीच असते, नवा रनवे तिच्या पोटात. असली सीनरी मागेच ठेवा. एकाच विमानतळाची दोन ॲड-ऑन नकोत. आणि सगळी एकदम टाकू नका. आधी नुसता सिम्युलेटर उडवा, मग चार-चार करून घाला, म्हणजे बिघडलं तर कुणामुळे ते कळतं.

जुनं मशीन लगेच पुसू नका. यात अलिबागकर फार आधीपासून शहाणे आहेत, खरंच! मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ ला इथे नोंदी सुरू झाल्या, पण कुलाबा लगेच बंद नाही केला. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, आकडे जुळवले, मग तिथलं काम थांबवलं.

मी दोन वर्षं नाही, दोन महिने ठेवणार आहे. जुना डबा सध्या खाटेखाली आहे, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. वाडी परत पहिल्यापासून बनवायला घेतलीय. या वेळी आजी शेजारी बसते आणि माड कुठे होता ते आधी विचारतो.