वसुलीचा फोन आला तर

'पैसे भरा, नाहीतर कोर्टात खेचतो, पोलीस पाठवतो,' अशा धमकीने घाबरून जाऊ नका. निव्वळ हप्ते थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत. न वटलेल्या चेकची गोष्ट वेगळी. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. एजंटाकडे बँकेचं अधिकारपत्र मागा. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार विनातारण कर्जाचा दावा साधारणपणे ३ वर्षांत लावावा लागतो. मुदतीत लेखी कबुली दिली किंवा थोडे पैसे भरले, तर ही मुदत नव्याने मोजली जाऊ शकते. म्हणून सही करण्याआधी तारखा तपासा. मात्र कोर्टाचं समन्स आलं, तर ते घ्या, तारखेला हजर राहा. मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० वर विचारा.