राहुटीची खुंटी
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



आमच्या दिंडीला शंभर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत वाटेवर किती राहुट्या ठोकल्या अन् पहाटे किती उपटल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ज्या वावरात रात्री कीर्तन रंगलं, तिथं सकाळी फक्त चुलीची राख उरते. वावर आपलं नव्हतंच, रात्रीपुरतं मिळालं होतं.

हीच गोष्ट ख्रिस्ती लोकांच्या बायबलातही आहे. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्रात अब्राहामाची कथा येते. देवानं बोलावलं अन् तो निघाला, कुठं जायचं ते ठाऊक नव्हतं. देवानं देऊ केलेल्या देशातही तो तंबूतच राहिला. ती माणसं स्वतःला पृथ्वीवरची वाटसरू समजत, त्यांचं खरं गाव देवापाशी होतं, असं ते पत्र सांगतं.

कवी नारायण वामन टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशानं बायबलचा नवा करार दिला. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबाराय सोडले नाहीत. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडं पोचलो, असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताचे अभंग रचले, कीर्तनं केली.

फरक आहे, तो लपवू नये. ख्रिस्ती माणूस एकच जन्म मानतो: एकदाच चालायचं, मग देवाबापाच्या घरी. आमची वारी दरसाल फिरून येते. तुकोबांनी तर मुक्तीही नको म्हटलं, पुन्हा जन्म अन् संतसंग मागितला. पण मुक्काम हे घर नव्हे, हे दोघांनाही कबूल आहे.

मग कोणी म्हणेल, घरच नाही तर कशाला झिजायचं? त्याला आमच्या वर्ध्याची मगनवाडी उत्तर देते. जे. सी. कुमारप्पा ख्रिस्ती होते, परदेशात शिकलेले होते. १९३४ साली गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला, त्याचं काम त्यांनी अंगावर घेतलं. तेलघाणी, हातकागद, मधमाशीपालन, असल्या कामांत ते राबले. जमिनीतून उपसून संपणाऱ्या धनापेक्षा पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या धनावर माणसानं जगावं, असं त्यांनी लिहिलं. पाहुण्यानं यजमानाची कणगी रिकामी करून जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

आता आमचीच गोष्ट. शताब्दीची दगडी पाटी लावायचं ठरलं अन् पहिलं नाव कोणाचं यावरून भांडण लागलं. दोन घरांची बोलचाल बंद झाली. शंभर वर्षं चाललेले आम्ही एका दगडापाशी अडलो! तेव्हा बैठकीत मागं बसलेली एक म्हातारी माय म्हणाली, "राहुटीच्या खुटीवर कोणी नाव कोरते का गा?"

सारे गप्प झाले. आता पाटीवर फक्त दिंडीचं नाव आहे. उरलेले पैसे वाटेवरच्या पाण्याच्या टँकरला दिले.

पण ती दोन घरं अजून एका पंगतीला बसलेली नाहीत. मायबापहो, आषाढीची दिंडी निघण्याआधी त्यांनी एकमेकांच्या पाया पडावं, ही आमची विनंती आहे. वाट थोडी उरली आहे, ओझं खाली ठेवा.

रामकृष्ण हरी!